चाल आधी, रंग नंतर: घरच्या घरी लूर घडवणं आणि जुने लूर पुन्हा रंगवणं

खानदेशात गळाने मासेमारी करणाऱ्यांकडे आता बाजारातले रंगीबेरंगी लूर, म्हणजे माशाला फसवणारी नकली आमिषं, दिसू लागलेत. एखादा लूर झुडपात अडकून तुटला की तीन-चारशे रुपये पाण्यात जातात. म्हणून अनेकजण घरीच बनवायला बसतात. बहुतेकांची सुरुवात मात्र उलट्या टोकाने होते: आधी डोळे, खवले, चकचकीत रंग, आणि मग पाण्यात टाकल्यावर लूर एका कुशीवर पडून ओढला जातो. माशाला खवले मोजायला वेळ नसतो. त्याला दिसते ती हालचाल, जखमी मासोळीसारखी डुगडुगती. त्यामुळे या लेखात तोल आणि चाल यांवर जास्त वेळ घालवला आहे आणि रंगावर कमी.

फिनलंडचे लाउरी रापाला यांनी १९३६ साली आपला पहिला लूर केला तो याच निरीक्षणावर. मोठा मासा झुंडीतल्या वेड्यावाकड्या पोहणाऱ्या मासोळीवरच झडप घालतो, हे त्यांनी पाहिलं होतं. चांभाराच्या सुरीने बुचाचं लाकूड कोरून त्यांनी तो घडवला, वर चॉकलेट-चीजच्या वेष्टनाचा चांदीचा कागद गुंडाळला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला. लॅकर परवडत नव्हतं. पण चाल जमली होती.

आधी मासा आणि पाणी ठरवा

कटला, राहू, मृगळ यांच्यासाठी लूर बनवत बसू नका. ते पाण्यातले सूक्ष्म जीव आणि तळाचं खाणारे. त्यांना पिठाचा गोळाच बरा. लूरवर येतात ते शिकारी मासे, म्हणजे आपल्याकडे मुख्यतः मरळ आणि शिवडा. मरळ हवेतला श्वास घ्यायला वर येते आणि काठच्या गवतात, पाणवेलीत दबा धरते. तिच्यासाठी पृष्ठभागावरचा बेडूक किंवा जेमतेम पाण्याखाली चालणारी लाकडी मासोळी हवी. शिवडा खोल डोहात, बंधाऱ्याच्या खालच्या वाहत्या पाण्यात असतो. तिथे थोडी खोल बुडी मारणारा लूर लागतो.

सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथल्या बॅरेजमुळे तापीत आता लांबच लांब संथ पाणी साठतं. हतनूरच्या फुगवट्यात तर चांगदेवजवळ पूर्णा येऊन मिळते आणि काठ उथळ, गवताळ आहे. पावसाळ्यात काळ्या मातीने पाणी दाट गढूळ होतं, थंडीत बरंच निवळतं. एकच लूर दोन्ही ऋतूंना पुरत नाही, हे बनवायच्या आधी लक्षात घ्या.

आणि परवानगी. धरणांतला मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो. तिथल्या भोई-कोळी बांधवांनी मत्स्यबीज सोडलेलं असतं, त्यावर त्यांचं पोट आहे. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. शिरपूर तालुक्यातल्या अनेर डॅम अभयारण्यासारख्या ठिकाणी तर प्रश्नच येत नाही.

लाकूड

हलकं लाकूड हवं, कारण तार, गळ, शिसं आणि रंग यांचं वजन घेऊनही लूर तरंगला पाहिजे. आपल्याकडे सहज मिळणारं आणि सुरीला ऐकणारं लाकूड म्हणजे पांगारा. शेताच्या कुंपणाला, पाटाच्या कडेला सापडतो. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठीही तो वापरत आले आहेत. काटेसावरही चालते. सातपुड्याच्या पायथ्याशी सुताराकडे सागाचे तुकडे फुकट मिळतात, पण साग जड पडतो. त्यात शिसं घालायला जागाच उरत नाही आणि शिशाशिवाय तोल येत नाही. पांगाऱ्याची पडलेली फांदी आणली तर साल लगेच काढा आणि सावलीत काही महिने वाळू द्या. ओलसर राहिली तर निळसर डाग पडतात आणि लाकूड भुसभुशीत होतं.

साधारण ८ ते ९ सेंटीमीटर लांब, २ सेंटीमीटर रुंद, अडीच सेंटीमीटर उंच असा चौकोनी ठोकळा कापा. रेषा लांबीच्या दिशेनेच असाव्यात.

ठोकळा चौकोनी असतानाच करायची कामं

सर्वात महत्त्वाचा टप्पा हा, आणि नेमका हाच घाईत सुटतो. सुरी लावण्याआधी, ठोकळ्याच्या कडा सरळ आहेत तोवर, तीन गोष्टी उरका.

पहिली, पुठ्ठ्याचा साचा कापून दोन्ही बाजूंना मासोळीची बाह्यरेषा काढा, आणि पाठीवर व पोटावर बरोबर मधोमध पेन्सिलची रेघ मारा. ही मधली रेघ शेवटपर्यंत पुसू देऊ नका. पुसली तर पुन्हा काढा.

दुसरी, लिपची खाच. तोंडाखाली बसणारी ही पारदर्शक पट्टी पाणी कापते आणि लूरला खाली नेते, हलवते. खाच हेक्सॉ ब्लेडने पाडा. ठोकळा चौकोनी असल्याने काटकोन्याने रेघ मारता येते. गोल अंगावर ती सरळ पडत नाही, आणि वाकडी लिप बसली की तो लूर कधीच सरळ चालत नाही. कोनाचं गणित सोपं आहे. लिप जवळजवळ उभी, म्हणजे अंगाशी काटकोनात, तर लूर वरच्यावर चालतो आणि जोरात डुलतो. लिप जितकी अंगाच्या रेषेत आडवी, तितकी खोल बुडी आणि चाल आवळलेली. गवताळ काठासाठी जवळपास उभी आणि लहान ठेवा. डोहासाठी ४५ अंशांच्या आसपास ठेवली तर या मापाचा लूर साधारण एक-दीड मीटर खाली जातो.

तिसरी, पोटाची चीर. पोटावरच्या मधल्या रेघेवरून नाकापासून शेपटीपर्यंत करवतीने अंगाच्या मध्यापर्यंत खोल चीर द्या. यात तार बसणार आहे.

आता सुरीने आकार काढा. आधी बाजूने दिसणारी बाह्यरेषा, मग वरून दिसणारी, म्हणजे डोकं जाड आणि शेपटी निमुळती, आणि शेवटी कडा गोल. दोन्ही बाजूंचे काप आळीपाळीने काढा. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे वळलात तर सारखेपणा राहत नाही. मग कानस, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०. नाकासमोर धरून दिव्याकडे बघा, फरक लगेच कळतो.

तार आणि लिप

लाकडात नुसते आकडे पिरगाळून बसवू नका. पांगारा मऊ आहे, दोन किलोची मरळ हिसडा देते आणि आकडा गळासकट लाकडातून उपटून निघतो. त्याऐवजी ०.८ ते १ मिलिमीटरची स्टेनलेस तार घ्या आणि नाकाशी एक कडी, पोटाखाली एक, शेपटीला एक अशी सलग वाकवा. मग लाकूड फुटलं तरी मासा तारेवर टिकतो.

लिपसाठी जुनी सीडी उत्तम. ती पॉलिकार्बोनेटची असते, १.२ मिलिमीटर जाड. वरचा चंदेरी थर ओरखडून चिकटपट्टीने उचकटून काढा, पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवा आणि मग कात्रीने कापा. थंड कापली तर तडकते. कडा कानसने गोल करा. मागच्या कडेला तारेपुरती खाच ठेवा, म्हणजे लिप तारेवर घट्ट चढते. अजून चिकटवू मात्र नका.

बादलीतली परीक्षा

कोरा लाकडी लूर पाणी पितो, म्हणून आधी रंगाच्या दुकानातल्या सँडिंग सीलरमध्ये दोनदा बुडवून वाळवा. मग तार आणि लिप तात्पुरती बसवा, छल्ले आणि गळ लावा. या मापाला ६ नंबरचे दोन ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचे गळ, पुरतात. शिशाचे छोटे मणी रबरबँडने पोटाला बांधा. नाकापासून एक तृतीयांश ते निम्म्या अंतरात जागा शोधायची. आता बादलीत सोडा.

काय दिसायला हवं? पाठ पाण्याच्या जराशी वर, पोट खाली, अंग आडवं किंवा शेपटी किंचित खाली. बोटाने कुशीवर लोटा. लगेच सरळ झालाच पाहिजे. रेंगाळला तर शिसं वाढवा. सगळंच बुडू लागलं तर कमी करा किंवा गळ एक नंबर लहान घ्या. तीन-चार ग्रॅमच्या आसपास बहुतेक वेळा जमतं. रंग आणि वरचा इपॉक्सीचा थर मिळून आणखी एक-दीड ग्रॅम वाढणार आहे, तेवढी तरंगण्याची शिल्लक आत्ताच ठेवा.

जागा पक्की झाली की पोटात त्याच ठिकाणी भोक पाडून शिसं आत बसवा, चीर आणि भोक इपॉक्सीने भरा, लिप चिकटवा, घासून सपाट करा. शिसं वितळवण्याच्या फंदात घरात पडू नका. तो धूर विषारी आहे. तयार मणी वापरा आणि हात साबणाने धुतल्याशिवाय जेवायला बसू नका.

यापुढची परीक्षा वाहत्या किंवा लांबरुंद पाण्यात. पाट, हौद काहीही चालेल. रावेर-यावलकडे केळीच्या बागायतदारांची शेततळी सोयीची वाटतात, पण त्यांना प्लास्टिकचं अस्तर असतं. एक गळ अस्तरात रुतला की त्या शेतकऱ्याचं पाणी गळायला लागतं. अशा ठिकाणी गळाची टोकं पक्कडीने तोडलेले जुने ट्रेबल लावा. वजन जवळपास तेच राहतं, धोका जातो.

ओढताना लूर एका बाजूला पळत असेल तर नाकाची कडी पक्कडीने उलट बाजूला केसभर वाकवा. डावीकडे जातो तर कडी उजवीकडे. पुन्हा ओढा, पुन्हा बघा. केसभर म्हणजे खरंच केसभर. अजिबात डुलत नसेल तर लिप लहान आहे किंवा शिसं फार. गरगर फिरत असेल तर लिप फार मोठी किंवा शिसं कमी. चाल जमेपर्यंत रंगाचा डबा उघडू नये, हा नियम मी कटाक्षाने पाळतो.

रंग

लूर ३२० च्या पेपरने घासा, पांढऱ्या प्रायमरचे दोन पातळ हात द्या. खाली पांढरा असला की वरचे रंग उठून दिसतात. मग पोटाला फिका, कुशीला चंदेरी, पाठीला गडद रंग. खवल्यांसाठी ओढणीच्या नेटचा तुकडा अंगावर ताणून कपड्यांच्या चिमट्याने धरा आणि वरून स्प्रे मारा. नेट काढली की नक्षी तयार. नेट ओल्या रंगावर सरकवू नका, सरळ वर उचला.

गढूळ पाण्यात पोपटी, केशरी किंवा ठार काळा. काळा ऐकून लोकांना नवल वाटतं, पण मळकट पाण्यात आणि संध्याकाळी खालून आकाशाकडे पाहणाऱ्या माशाला काळ्याची आकृतीच सर्वांत ठळक दिसते. निवळ पाण्यात चंदेरी, तपकिरी, ऑलिव्ह. डोळे मोठे ठेवा. ते नेलपेंटनेही होतात.

एनॅमलवर लॅकरचा स्प्रे मारू नका, खालचा रंग सुरकुततो. शक्यतो एकाच प्रकारचे रंग ठेवा, आणि नवं काही वापरायचं तर आधी लाकडाच्या फुटकळ तुकड्यावर बघा.

वरचं कवच म्हणजे दोन भागांचा पारदर्शक इपॉक्सी. पाच मिनिटांत घट्ट होणारा नको, तो लवकर पिवळा पडतो आणि पसरायला वेळच देत नाही. सावकाश वाळणारा घ्या, दिलेल्या प्रमाणातच मोजा, दोन-तीन मिनिटं संथपणे ढवळा, ब्रशने पातळ लावा. वाळेपर्यंत लूर फिरत राहिला पाहिजे, नाहीतर थेंब ओघळून पोटाला गाठ होते आणि तोल जातो. यासाठी आपल्या खानदेशातल्या प्रत्येक इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी वस्तू आहे: कूलरच्या झडपा हलवणारी छोटी मोटर. मिनिटाला पाच-सहा फेरे, अगदी हवा तेवढाच वेग. ती लाकडी चौकटीवर बसवा, दांड्याला चिमटा जोडा, वायरची टोकं नीट झाका. ती घरच्या २३० व्होल्टवर चालते.

आपल्या हवेचा हिशोबही करावा लागतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास असतो. तेव्हा दुपारी मिसळलेला इपॉक्सी वाटीतच तापून घट्ट होतो आणि स्प्रेचा रंग लूरवर पोचेपर्यंत सुकून भुकटीसारखा बसतो. उन्हाळ्यात हे काम भल्या सकाळी, एका वेळी एक-दोन लूरपुरतं मिश्रण घेऊन करा. पावसाळ्यात उलटं, दमट हवेत इपॉक्सीवर चिकट, दुधी थर येतो. तो साबणपाण्याने धुवा, हलकं घासा आणि दुसरा हात द्या. रंगकामाला आपल्याकडे सर्वांत चांगले दिवस म्हणजे दिवाळी ते होळी.

चपलेचा बेडूक

पाणवेलीत लाकडी मासोळी चालत नाही, दोन हातांवर अडकते. तिथे बेडूक. न्हाणीघरात वापरतात त्या हलक्या फोमच्या चपलेचा तळ घ्या. ६ सेंटीमीटर लांब, ३ रुंद, २ जाड असा तुकडा कापून पुढून निमुळता करा. अंगातून तार आरपार, पुढे कडी, मागे दोन टोकांचा मोठा गळ. गळाची टोकं पाठीला चिकटून वर टेकली पाहिजेत, आणि ती बसतील तिथे पाठीत उथळ खाचा पाडा. अशाने गवत टोकांवरून घसरून जातं आणि मरळ चावली की फोम दबून टोकं उघडी पडतात. शिसं ढुंगणाशी घाला. बेडूक नाक वर करून बसतो आणि फेकही लांब जाते. पाय सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बारीक पट्ट्यांचे. रंग कापडावर वापरतात तो फॅब्रिक कलर, कारण तो वाकतो. इथे इपॉक्सी लावू नका, फोम दबताच तडकेल.

मरळीने पाणी उसळवलं की लगेच हिसका देऊ नका. क्षणभर थांबा, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) ताणली की मग ओढा.

पावसाळ्यात मरळीची जोडी तांबूस पिल्लांचा थवा राखत फिरते. त्या वेळी ती बेडकावर हमखास धावते, भुकेने नाही, पिल्लांच्या राखणीसाठी. असा थवा दिसला तर लूर गुंडाळून पुढे चला. आई-बाप गेले की इतर मासे त्या पिल्लांचा लवकरच फडशा पाडतात.

चमच्याच्या लूरबद्दल थोडक्यात: अमेरिकेत ज्युलिओ ब्युएल यांनी १८५२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि कल्पना आजही तीच आहे. चमच्याचा दांडा कापा, दोन्ही टोकांना भोकं पाडा, कडा कानसा, छल्ले लावा. स्टीलपेक्षा पितळेत भोक सोपं पडतं. खोलगटपणा जास्त असेल तर चमचा गरगरतो, हातोडीने थोडा सपाट करा. गळाला बोकडाच्या शेपटीचे केस बांधले तर मागे जीव आल्यासारखं वाटतं. पुढे स्विव्हल (गरगर फिरणारी जोडकडी) हवाच, नाहीतर तंगूस पिळून वाया जाते.

जुन्या लूरला नवं रूप

दातांनी सोललेला लूर टाकून देण्याआधी तो पाण्यात ओढून बघा. चाल चांगली असेल तर तो जपण्यासारखा. चाल मुळातच वाईट असेल तर रंगाने सुधारणार नाही.

गळ आणि छल्ले काढा, भांड्याच्या साबणाने धुवा, वाळवून वजन करा आणि आकडा लिहून ठेवा. शंभर-दीडशे ग्रॅमचा सोनाराकडचा छोटा डिजिटल काटा यासाठी फार कामाचा. मग लूर कानाशी हलवा. आतल्या गोळ्यांचा खुळखुळाट ठीक, पण पाण्याचा आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. पोटाला बारीक भोक पाडून पाणी काढा, पूर्ण वाळू द्या, मग भोक आणि तडा दोन्ही इपॉक्सीने बुजवा. लाकडी लूर फुगला असेल तर सावलीत आठवडाभर ठेवा, उन्हात नाही. उन्हात तो फाटतो. मऊ पडलेल्या जागी पातळ फेविक्विकचे थेंब जिरवले की लाकूड घट्ट होतं.

प्लास्टिकच्या लूरवरचा रंग काढायला थिनर किंवा नेलपेंट रिमूव्हर लावू नका, अंगच विरघळतं. सगळा रंग काढायची गरजही नसते. सुटलेले पापुद्रे खरवडा, कडा ४०० च्या ओल्या पेपरने उतरत्या करा, दातांचे खड्डे लांबीने (पुट्टीने) भरा आणि तेवढ्याच भागाला प्रायमर, रंग, पातळ इपॉक्सी द्या. लिपला कागदी टेप लावून झाका. तिच्यावर थर चढला की चाल बदलते. तिचा टवका उडाला असेल तर हेक्सॉने मुळाशी कापून त्याच मापाची नवी बसवा, माप आधी कागदावर उतरवून घ्या.

झाल्यावर पुन्हा वजन करा. पाण्यात मध्येच स्थिर राहणारे जे लूर असतात, त्यांना अर्धा ग्रॅमही जास्त होतो आणि ते बुडायला लागतात. तेव्हा गळ एक नंबर लहान लावून वजन पूर्वीच्या आकड्यावर आणा. गंजलेले गळ घासून वापरू नका, बदला; बदलताना जाडी पाहा, कारण त्याच नंबरचा जाड तारेचा गळ बराच जड असतो. टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला तर लहान मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही, आणि स्वतःच्या बोटात घुसला तरी दवाखाना गाठावा लागत नाही.

ठेवताना रबरासारखे मऊ लूर आणि रंगवलेले लूर एका डब्यात ठेवू नका. मऊ प्लास्टिकमधलं तेल रंगाला चाटून त्याचा चिखल करतं. उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत लूर राहू देऊ नका, आतली हवा तापून पोकळ अंग फुगतं आणि शिवण उकलते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, कोरड्या फडक्याने पुसा, रात्रभर डबा उघडा ठेवा आणि दुसऱ्या दिवशी झाकण लावा.